तक्ता पाठ असलेला माणूस

दिगू गेला त्या रविवारी सकाळी माझ्या फोनवर विमलवहिनींचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, दोन मिस्ड कॉल होते. दर रविवारी मी त्याला पेपर वाचून दाखवायला खरवईला जात असे. येताना काहीतरी आणायला सांगत असतील असं समजून मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तोवर बातमी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचली होती. वर्गातल्या एकाचा त्या दिवशी वाढदिवस होता, त्यामुळे सकाळपासून केक आणि पुष्पगुच्छ येत होते. त्यांच्या मधोमध कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकून खाली 'दिगंबर म्हात्रे सर' एवढंच लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली तिघांनी न वाचता पुन्हा वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. हे दिगूला वाचून दाखवलं असतं तर तो पोट धरून हसला असता, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला… चहाचा कप हातात असतानाच गेला, असं वहिनी नंतर म्हणाल्या. हृदय. डोळे सोडून त्याच्या शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या अवयवाची आम्ही कधी काळजी केलीच नव्हती.

याला आता काही आठवडे झाले. मी लिहायला बसलो ते त्याच्या थोरवीबद्दल नव्हे. ती इतरांनी माइकवरून पुरेशी सांगितली. त्याच्याजवळ एक कबुली द्यायची माझी राहून गेली, आणि ती आता कुणाजवळ द्यायची हे मला कळत नव्हतं, म्हणून हा लेख.

आमच्या लहानपणचं बदलापूर आज सांगून कुणाला पटत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत गाव संपायचं. कौलारू घरं, परसात विहीर, जांभळाची झाडं, आणि दुपारी इतकी शांतता की पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला तरी घरात कळायचं. कचेरीत जाणाऱ्यांची मुलं आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची मुलं एकाच शाळेत असत, फक्त बाकं वेगळी असत. हा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडणंही कुणाला सुचत नसे. दिगू पाचवीत खरवईहून भाताच्या बांधांवरून चालत यायला लागला. पहिल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून गुरुजींनी त्याला शिक्षा म्हणून माझ्या शेजारी बसवलं. शिक्षा नेमकी कुणाला होती हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

तो फळ्यावरचं काही उतरवत नसे. सगळं माझ्या वहीतून उतरवायचा. मला तो चोर वाटला आणि मी वहीवर हात आडवा धरला. दोन दिवस त्याने सहन केलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला जांभळाखाली गाठून म्हणाला, "जोशा, मना फल्यावरचा काय बी दिसत नाय. तू हलू वाच, मी लिवतो. गनितं मी तुना सांगन." गणितात तो खरंच तयार होता आणि मी खरंच कच्चा होतो. त्या दिवसापासून मी फळा वाचायला लागलो. ओठ फारसे न हलवता, नजर समोर ठेवून, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. ही कला मला इतकी साधली की पुढे नोकरीत कंटाळवाण्या बैठकांना बसलो असताना समोरच्या भिंतीवरचे फलक मी पुटपुटत असे, आणि साहेबांना वाटे की मी जप करतो.

चष्मा का लावत नाही, हे मी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याच्या घराच्या ओटीवर बसलेलं होतं. दिगूचे दाजीकाका. ते तरुणपणी श्रावणात गावाला पोथी वाचून दाखवायचे, खरवईत तेवढं अस्खलित वाचणारे ते एकटेच. चाळिशीच्या आत त्यांची नजर गेली. गावाने त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. दिगूचा बापूस कपाळावर हात मारून म्हणायचा, "अक्षरांनी डोले खाल्ले माझे भावाचे." पोराला शाळेत घालायलाच तो कसाबसा तयार झाला होता, आणि अट एकच होती. पोराच्या डोळ्यांना काही झाल्याचं कळलं, की त्या दिवशी शाळा बंद, आणि दुसऱ्या दिवसापासून वीटभट्टी. तो दुष्ट माणूस नव्हता. भावाला रोज हात धरून परसाकडे नेणारा तोच होता, आणि आपलं पोर तसं बसलेलं त्याला बघायचं नव्हतं.

आठवीत असताना शाळेत डॉक्टर आले. दवाखान्यातले डॉक्टर, एक कंपाउंडर आणि भिंतीवर टांगायचा एक तक्ता. वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली ओळीओळीने बारीक होत गेलेली अक्षरं. आडनावांच्या क्रमाने बोलावत होते. 'ज'पर्यंतचे मधल्या सुट्टीआधी आटोपले, म्हणजे मी आत जाऊन आलो होतो. बाहेर आलो तर दिगू नळाजवळ उभा, तोंड पांढरं पडलेलं. 'म'ची पाळी सुट्टीनंतर होती. त्याला काय होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस, माझा तक्ता पाठ झालाय. खरंच झाला होता. मला त्या वयात दिसेल ते पाठ व्हायचं, ही माझी एकमेव कर्तबगारी. पंचवीस मिनिटांत मी त्याला अख्खा तक्ता शिकवला, पाढ्यांच्या चालीवर. ओळ संपली की किती थांबायचं, शेवटच्या ओळीला जरा डोळे बारीक करायचे आणि एक अक्षर मुद्दाम चुकवायचं, म्हणजे खरं वाटेल, हेही मीच सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलाला एवढी लबाडी कुठून सुचते हे मला अजून कळलेलं नाही.

दिगू आत गेला आणि उत्तीर्ण होऊन बाहेर आला. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'दृष्टी : उत्तम' असा शेरा पडला. माझ्या स्वतःच्या कुठल्याही शेऱ्याचा मला इतका अभिमान वाटला नव्हता. परतताना त्याने मला नदीवर नेलं, पाण्यात उतरून तक्ता मोठमोठ्याने म्हटला आणि समोरच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं, "बरोबर ना?" त्या म्हणाल्या, "मेल्या, आमाला काय ठाव?" नववीत आणि दहावीत तोच तक्ता पुन्हा आला. मग आमची उजळणीसुद्धा लागत नसे.

दिगू पुढे शिक्षक झाला. नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीला मी बरोबर नव्हतो, पण संध्याकाळी तो सायकल दामटत माझ्याकडे आला आणि धापा टाकत म्हणाला, "सगला त्योच तक्ता रे जोशा. सरकारला दुसरा मिलत नाय." पहिला पगार झाल्यावर आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन त्याला चष्मा केला. दुकानदार सिंधी, पोट सुटलेला, काचा बदलत बदलत त्याला विचारत होता, "साईं, इतने साल क्या पढ़ा आपने, हवा?" चष्मा लावून दिगू दुकानाबाहेर आला आणि समोरच्या गल्लीतल्या सगळ्या पाट्या वाचत सुटला. कापडवाल्याची, मशीन दुरुस्तीवाल्याची, 'उधार बंद'ची. मी शेजारी गप्प उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या शेजारी काही काम नव्हतं. बापूस या चष्म्यावर काही बोलला नाही. मास्तरला चष्मा शोभतो, असं गावाचं मत पडलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण चष्म्याने समोरचं दिसत होतं तरी कडेचं हळूहळू जात होतं, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बाजूने पळत आलेली मुलं त्याच्या अंगावर आदळायची. तो म्हणायचा, पोरं मस्तवाल झालीत. मग दाराच्या चौकटी मस्तवाल झाल्या. एकोणचाळिसाव्या वर्षी तो शाळेच्या पायरीवरून पडला तेव्हा मी त्याला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांतला दाब, काचबिंदू, शिरा वाळत गेलेल्या. डॉक्टर तरुण होते, आणि सभ्यही होते. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? दिगूने दाजीकाकांचं सांगितलं. मग विचारलं, लहानपणी शाळेत कधी तपासणी झाली नव्हती का?

"झाली होती," दिगू म्हणाला. "पास झालो."

डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुणाला संशय आला असता आणि थेंब सुरू झाले असते, तर बरीचशी नजर राखता आली असती. मी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होतो. तिथेही तक्ता होता… बाहेर आल्यावर दिगूने चहा पिऊ म्हणून सांगितलं. चहा प्यायलो. तो बिस्किटांबद्दल बोलला. त्याविषयी तो त्या दिवशी काही बोलला नाही, आणि पुढची तेवीस-चोवीस वर्षंही नाही.

मी स्वतःशी दोन्ही बाजूंनी वकिली करून पाहिली आहे. दवाखान्याचे ते डॉक्टर अर्ध्या दिवसात दोन वर्ग उरकत होते, त्यांना डोळ्यांतला दाब थोडाच दिसणार होता, हा एक मुद्दा. पण त्यांनी कुणा जाणत्याकडे पाठवलं असतं, हा त्यावरचा मुद्दा. त्या दिवशी दिगू नापास झाला असता तर वीटभट्टीवर गेला असता, आणि खरवईतल्या दोन पिढ्यांना गणित आलं नसतं, हाही मुद्दा. आणि तेरा वर्षांच्या पोरांनी एखाद्या मोठ्या माणसाला, निदान गुरुजींना, सांगायला काय हरकत होती, यावर माझ्याकडे अजून मुद्दा नाही. दोन-तीनदा मी विषय काढायचा प्रयत्न केला. एका रविवारी पेपर वाचताना मध्येच थांबून म्हटलं, "दिगू, तो आठवीतला तक्ता…" त्याने चेहरा माझ्या दिशेने वळवला. तोवर उजेड-अंधारापलीकडे त्याला काही कळत नव्हतं. "पुढची बातमी वाच," तो म्हणाला. मी पुढची बातमी वाचली.

त्या रविवारांत मी त्याला गावातले फ्लेक्सही वाचून दाखवायचो. फिरायला निघालो की चौकाचौकात तो काठी रोवून उभा राहायचा आणि विचारायचा, नेते किती? मी मोजून सांगायचो, बावीस. आनी ज्याचा वाढदिवस त्यो? मी म्हणायचो, खाली उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यावर तो समाधानाने मान हलवायचा. खरवईच्या शेतांवर एकेक टॉवर उभा राहिला तेव्हा त्यांची विलायती नावंही मी त्याला वाचून दाखवली. त्यातल्या एका टॉवरखाली त्यांचा भात झोडायचा खळा होता. तो टॉवर कितवा हे तो पावलं मोजून सांगायचा आणि बहुधा बरोबर असायचा.

म्हणून त्याच्या शोकसभेच्या फ्लेक्सवर जेव्हा एकोणीस नेते आणि कोपऱ्यात एक दिगू दिसला, तेव्हा मी सवयीने शेजारी बघून आकडा सांगितला. शेजारी एक भाजीवाला होता. तो म्हणाला, "हो का?"

शोकसभा नव्या संकुलाच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्ष पाऊण तास उशिरा आले आणि दिगूचं नाव त्यांनी दोनदा दत्तात्रय घेतलं. स्वतः दृष्टिहीन असून समाजाला दृष्टी देणारा दीपस्तंभ, असं एकापाठोपाठ चार वक्ते म्हणाले. पाचव्याला काही सुचेना, तेव्हा तो नुसता दीपस्तंभ म्हणाला. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, माइक नीट केला, आणि दिगू गणितात हुशार होता एवढं सांगून खाली बसलो. त्याहून पुढचं वाक्य उच्चारलं असतं तर उरलेलं सगळं बाहेर आलं असतं, आणि त्या हॉलमध्ये ते मला सांगायचं नव्हतं.

सभा संपल्यावर विमलवहिनींना घरी सोडायला गेलो. त्यांनी पाणी दिलं. मला राहवलं नाही आणि मी त्यांनाच सगळं सांगितलं, आठवीतली मधली सुट्टी, पाढ्यांची चाल, मुद्दाम चुकवायचं अक्षर. माझ्यामुळे त्याचे डोळे गेले, असं मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. वहिनींनी ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"तुमाला म्हाईत नाय?" त्या म्हणाल्या. "शालेत डोल्यांची तपासनी असली का हे सकाली सातला तयार. मी हात धरून नेयाची."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. नोकरी सोडल्यावरही दिगू दर वर्षी तपासणीच्या दिवशी गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा. मुलं तक्ता वाचायची आणि हा ऐकायचा. तक्ता त्याला पाठ होता. पुढे नवे तक्ते आले तेव्हा आदल्या दिवशी शाळेतल्या बाईंकडून वाचून घेऊन तेही त्याने पाठ केले. एखादं पोर फार गडगड वाचायला लागलं की हा त्याला थांबवून सांगायचा, आता शेवटून वाच. आता तिसऱ्या ओळीतलं मधलं सांग. रांगेतून कुजबुज आली की काठी आपटायचा. पहिल्या वर्षी डॉक्टरांना हा म्हातारा भ्रमिष्ट वाटला. त्या वर्षी तीन पोरं सापडली, तेव्हापासून ते खुर्ची स्वतः मांडून ठेवू लागले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं कधी?

"तेच बोलले, जोशाला सांगू नको." वहिनी पदराने भांडं पुसत होत्या, ते कोरडंच होतं. "बोलले, त्यो जिवाला लावून घेल. त्याचेमुलं मी शालेत ऱ्हायलो, येवढा त्याला सांग. पन मी गेल्यावर."

निघताना त्या म्हणाल्या, या वर्षीची तपासणी येत्या गुरुवारी आहे, आणि बाई विचारत होत्या, आता खुर्चीवर कोण बसणार.

गुरुवारी मी गेलो. मला तक्ता दिसत होता, त्यामुळे दिगूच्या मानाने माझं काम सोपं होतं, आणि तरी मला ते जमेना. मुलं येत होती, वाचत होती, जात होती. मी दोघा-तिघांना शेवटून वाचायला लावलं, त्यांनी वाचलं. एकाने तर मलाच विचारलं, "आजोबा, तुम्हाला येतं का वाचता?" डॉक्टर वाकून फॉर्म भरत होते. दोन तास झाले. आपण इथे कशाला आलो असं वाटायला लागलं, आणि मग तो आवाज ऐकू आला. ओठ फारसे न हलवता, नजर समोर ठेवून, पुढच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात… रांगेत पुढे एक बारीक चणीची मुलगी तक्त्यापुढे उभी होती आणि सुरेख वाचत होती. तिच्या मागे दोन वेण्या घातलेली दुसरी होती. आवाज तिचा होता, आणि ती इतकी सरावलेली होती की शाळेतल्या कुणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. लक्षात आलं असतं ते फक्त दिगूच्या आणि माझ्या.

काठी आपटायला माझ्याकडे काठी नव्हती. मी त्या मागच्या मुलीला बोटाने जवळ बोलावलं आणि शेजारच्या बाकावर बसायला सांगितलं. ती आली, पण बसेना. चेहरा लाल झालेला.

"मी तिची बेस्ट फ्रेंड आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हटलं. "इथं बस."

ती बसली. पुढचीने एकदा मागे वळून पाहिलं, रांगेत झालेली रिकामी जागा तिला दिसली असावी. मग ती तक्त्याकडे बघत नुसती उभी राहिली. डॉक्टरांनी पेन थांबवून मान वर केली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नाय दिसत." तिच्याआधी माझ्या शेजारची रडायला लागली. रडता रडता मला म्हणाली की आता मैत्रिणीची आजी मैत्रिणीला मारील, ती आजी म्हणते मुलीला चष्मा लागला की लग्न होत नाही, आणि हे सगळं तुमच्यामुळे झालं. मी म्हटलं, हो, माझ्यामुळे.

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ती मी खिशात ठेवली, आणि खुर्चीवर बसून शाळा सुटायची वाट पाहिली. खुर्ची साधी, लोखंडी, पत्र्याच्या पाठीची. उजव्या हातावरचा रंग तळहाताएवढ्या जागेत पार गेलेला होता. घंटा झाल्यावर दोघी फाटकापाशी थांबल्या होत्या. मी त्या रडणाऱ्या मुलीला म्हटलं, चल, हिचं घर दाखव. तिने डोळे पुसले आणि मैत्रिणीचा हात धरून पुढे चालायला लागली. मी त्यांच्या मागून निघालो. आजीला काय सांगायचं, ते मला पाठ नव्हतं.